केवळबाईंचं कडू पाणी

किडनीचं प्रत्यारोपण झालेला माणूस घरी आला की भाऊबंद पेढे वाटतात, गल्लीतल्या बायका ओवाळतात आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. ऑपरेशन हैदराबादला नाहीतर पुण्याला झालेलं असायचं, पेपरात फोटो तिथल्या सर्जनचा छापून यायचा आणि पुढची सगळी वर्षं ती किडनी सांभाळायची ती नांदेडच्या आमच्या दवाखान्यातल्या दोन खोल्यांनी. एका खोलीत डॉक्टर, दुसरीत मी. मी म्हणजे मंदा सिस्टर. आठवडाभर नांदेड आणि गुरुवारी डॉक्टरांच्या गाडीत बसून लातूरची ओपीडी, असं बावीस वर्षं चाललं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरचे म्हणतात, अजून पुरती झालेली नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं तर एवढंच. दुसऱ्याची किडनी आत बसवली की शरीर तिला परकी समजतं आणि हाकलायला बघतं. ही हाकलणारी ताकद म्हणजेच आपली प्रतिकारशक्ती. म्हणून गोळ्या देऊन ती मुद्दाम दाबून ठेवायची, आयुष्यभर. ती दाबली की एरवी अंगात निपचित पडून असलेले विषाणू डोकं वर काढतात. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन येतो, ओठावरचे साधे फोड महिना महिना हटत नाहीत. तुम्हाआम्हाला आठ दिवसांत सोडून जाणारं दुखणं आमच्या पेशंटकडे मुक्कामाला येतं. गोळ्या जास्त झाल्या तर विषाणू माजतो, कमी झाल्या तर किडनी जाते. या दोन्हींच्या मधून पेशंटला चालवत न्यायचं आणि त्याच्याबरोबर त्याच्या अख्ख्या घराला.

घर म्हटलं की तऱ्हा आल्याच. नांदेडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आमचे पेशंट होते. गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊला घ्यायच्या, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. त्यांनी वही घातली. तिच्यात गोळीची वेळ आणि पुढे शेरा, 'वेळेवर' किंवा 'दोन मिनिटं उशीर, कारण पाणी आणण्यास विलंब'. पुतण्याच्या लग्नात हे गृहस्थ भरल्या पंगतीतून नऊ वाजता उठले आणि यजमान रुसून बसले. मी त्यांची पुष्कळ थट्टा करायचे. पण सगळे पेशंट असे असते तर मी पाच वर्षं आधी निवृत्त झाले असते.

दुसरे बिलोलीकडचे एक गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रत्यारोपणानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना कमरेला नागीण उठली. आपल्याकडे पक्कं धरून बसलेत की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही. गावात एक जाणता असतो, तो तांबडी काव उगाळून फोडांच्या पुढे आडवी रेघ ओढतो, म्हणजे नागीण ती ओलांडत नाही. विज्ञानाचे गुरुजी आधी त्याच्याकडे गेले आणि तीन दिवस घालवून आमच्याकडे आले. आमच्या पेशंटला नागीण साधी नसते, ती अंगभर पसरू शकते, डोळ्यात-मेंदूत जाऊ शकते. डॉक्टर चिडले. मी मात्र गुरुजींना म्हणाले, रेघ हवी तेवढी ओढा, फक्त फोडांना हात लावू देऊ नका आणि इंजेक्शनं आत्तापासून सुरू. ते आनंदानं तयार झाले. आठवड्यानं फोड सुकले आणि गुरुजींनी त्या जाणत्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. सुया टोचणारी मी, तिला साधा चहाही नाही.

हे सांगायचा मतलब एवढाच की मला माझ्या हुशारीचा फार तोरा होता. लोकांच्या समजुतीशी भांडायचं नाही, तिला वळसा घालून आपलं काम काढून घ्यायचं, हे मला जमतं असं मी नव्या पोरींना छाती काढून सांगायचे. तो तोरा केवळबाईंनी उतरवला.

केवळबाई लातूरजवळच्या मुरुडच्या. वय साठीच्या आत-बाहेर, घरची शेती, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही आणि आवाज असा की ओपीडीच्या बाहेर बोलल्या तरी डॉक्टरांना आत ऐकू जायचं. त्यांचा मुलगा दत्ता, सून रंजना. रंजना घरीच ब्लाऊज शिवायची. तिच्या दोन्ही किडन्या तिशीतच गेल्या. नवऱ्याचा रक्तगट जुळेना, तिच्या आईला साखर, भाऊ मागे सरला. तेव्हा केवळबाई म्हणाल्या, माझी बघा. सासूनं सुनेला द्यायची तर सरकारी समितीपुढं उभं राहावं लागतं. तिथल्या साहेबांनी नेमाप्रमाणे विचारलं, बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? केवळबाई म्हणाल्या, "माझ्यावर दबाव आननारा अजून जल्मायचा हाय." परवानगी मिळाली. ऑपरेशन उत्तम झालं.

आठ महिने सगळं सुरळीत होतं. किडनी किती काम करते ते आम्ही रक्तातल्या क्रिएटिनीनवर बघतो. आकडा जितका कमी तितकं चांगलं. रंजनाचा सव्वाच्या आत होता. नवव्या महिन्यात तो दीडच्या पुढे गेला. रक्त तपासायला मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पाठवलं, तर बीके नावाचा विषाणू सापडला. हा बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर काही न करता पडून राहतो. प्रत्यारोपण झालेल्याच्या किडनीत मात्र तो जागा होतो आणि किडनी आतून कुरतडायला लागतो. त्याला मारणारं खात्रीचं औषध नाही. एकच उपाय, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या थोड्या कमी करायच्या आणि शरीरालाच त्याच्याशी लढू द्यायचं. थोड्या म्हणजे अगदी थोड्या, दर पंधरा दिवसांनी रक्त बघत बघत.

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. घरच्यांना समजावायचं काम माझं. त्या गुरुवारी ओपीडीत शंभरावर माणूस होतं. मी दत्ता, रंजना आणि केवळबाईंना दारातच उभं करून सांगितलं, "हिची प्रतिकारशक्ती फार कमी पडलीय म्हणून विषाणू माजलाय. आता ती जरा वाढायला पाहिजे. जपा तिला." गोळ्यांची नवी चिठ्ठी हातात दिली आणि पुढच्याला हाक मारली. वाक्य चुकीचं नव्हतं. मी ते शेकडो वेळा बोलले असेन.

दोन महिन्यांत विषाणू उतरला. आम्ही खूश. पण क्रिएटिनीन दोनच्या वर. किडनीचा तुकडा काढून तपासला, तर शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केलेली. डॉक्टरांना वाटलं, आपण गोळ्या जास्तच कमी केल्या. स्टिरॉइडची तीन इंजेक्शनं दिली, गोळ्या थोड्या वाढवल्या. आकडा उतरला आणि महिन्याभरात पुन्हा चढला. रक्तातलं औषधाचं प्रमाण बरोबर, गोळ्या वेळेवर, ताप नाही, जुलाब नाही. डॉक्टर टेबलावर रिपोर्ट पसरून बसले आणि म्हणाले, मंदाताई, यातलं काहीतरी आपल्याला माहीत नाही. त्यांनी हेही सांगितलं की असंच चाललं तर सहा महिन्यांत रंजना पुन्हा डायलिसिसवर जाईल. आणि केवळबाईंकडे आता द्यायला दुसरी किडनी नव्हती.

मी रंजनाला माझ्या खोलीत बसवलं. आजवर प्रत्येक भेटीत मी तिला विचारायचे, दुसरं काही औषध घेतेस का? आणि ती न्हाई म्हणायची. त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, औषधाचं नावच काढलं नाही. म्हटलं, सकाळी डोळे उघडल्यापासून तुझ्या घशाखाली काय काय उतरतं ते एकेक सांग. ती सांगायला लागली. उठते, तोंड धुते, आत्याबाई, म्हणजे सासू, कडू पाणी देतात ते पिते, मग चहा, मग नऊच्या गोळ्या.

कडू पाणी कसलं म्हणून विचारलं. तर घरामागच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल, तिचे बोटाएवढे तुकडे, तुळस, अडुळसा आणि आलं. अर्ध्यावर येईपर्यंत आटवायचं. रोज पेलाभर. गुळवेल आपल्याकडे देतातच ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. डॉक्टर आकड्यांनी मोजून एक दरवाजा बोटभर उघडत होते आणि केवळबाई रोज सकाळी तोच दरवाजा दोन्ही हातांनी ढकलत होत्या. चार महिने.

मी बाहेर आले. केवळबाई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तोंडाची फटकळ आहे, आईसुद्धा म्हणायची. पण त्या दिवशी जे बोलले ते फटकळपणात बसत नाही. सगळ्या माणसांसमोर मी म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःची किडनी मारून राहिलात. कुणी सांगितला हा शहाणपणा?"

केवळबाईंनी मांडीवरचा डबा पदराखाली घेतला. रंजना माझ्या मागून आली होती, ती बोलली. हळूच बोलली.

"सिस्टर, तुमीच म्हनला होता, परतिकारशक्ती वाढायला पायजे, जपा. त्यांनी जपलं."

खरं तर मी तिथंच माफी मागायला हवी होती. पण बाकावरची सगळी माणसं बघत होती, अंगावर पांढरा कोट होता, पुढचा नंबर ओरडला गेला होता. मी म्हणाले, बरं, ते आजपासून बंद, आणि आत गेले. बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर त्या आत जाण्याची.

कडू पाणी बंद झालं. आता किडनी नाकारणं थोपवायचं तर औषधं पुन्हा वाढवायला हवीत आणि वाढवली की विषाणू पुन्हा उठणार. तो उठलाच. पहिल्यापासून सगळं सुरू. डॉक्टर म्हणाले, जमेल, पण आता एकही गोळी चुकून चालणार नाही.

पुढच्या गुरुवारी रंजना नुसत्या नवऱ्याबरोबर आली. त्याच्या पुढच्या वेळीही. तिसऱ्या वेळी रक्तातलं औषधाचं प्रमाण निम्म्यावर आलेलं. मी गोळ्या मोजल्या, तर आठवड्याभरात पाच वेळच्या शिल्लक. रंजना मान खाली घालून बसली. दत्तानं सांगितलं, की आजवर गोळ्या आई द्यायची. भिंतीवरच्या घड्याळाखाली पेला घेऊन उभी राहायची. आता ती घरात राहतच नाही. शेतातल्या आखाड्यावर गेलीय, तिथल्या खोपटातच स्वतःपुरती भाकरी थापते. सुनेच्या पेल्याला हात लावत नाही. रंजना शिलाईवर बसली की हिला नऊ वाजल्याचं भान नसतं, आणि आई नाही म्हणून हिचं जेवणही तुटलंय.

डॉक्टर म्हणाले, फोन करून समजावा. मी हो म्हटलं, पण फोनवर हे होणार नव्हतं. रविवारी नांदेडहून लातूरची एसटी धरली, लातूरहून मुरुड. दत्ता मोटारसायकलवर घ्यायला आला होता. मी त्याला बांधावरच थांबवलं आणि एकटी पुढं गेले.

आखाड्यावर केवळबाई सुपात तूर निवडत होत्या. दारात एक काळं कुत्रं बांधलेलं होतं. मला बघून ते साखळी तोडायला उठलं. केवळबाईंनी सूप खाली ठेवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गप रं. पाव्हनी हाय." ते बसलं, पण डोळा माझ्यावरच.

पाणी झालं. मी म्हणाले, मावशी, त्या दिवशी मी चुकले. त्या म्हणाल्या, तुमी खरंच बोललात, माझ्या हाताला गुन न्हाई. मी म्हणाले, "तुमच्या हाताचा दोष नाही. मी अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं. दारात उभं करून सांगितलं. वाढायला पाहिजे म्हणाले. किती आणि कशानं, ते सांगितलं नाही."

त्यांनी तुरीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग मान वर करून त्यांनी जे विचारलं ते ऐकून मला कळलं, की दीड वर्षात या बाईला कुणी काही समजावलंच नव्हतं. किडनी काढून घेतली होती, सह्या-अंगठे घेतले होते, पण समजावलं नव्हतं.

"मंग बाई, वाढवायची का घटवायची? एकडाव नीट सांगा."

मी इकडेतिकडे बघितलं. पुस्तकातलं काही कामाचं नव्हतं. समोर कुत्रं बसलं होतं. मी म्हणाले, हे बघा, माणसाच्या अंगात असं एक राखणीचं कुत्रं असतं. तुमची किडनी रंजनाच्या घरी पाहुणी आली. कुत्र्याला ती ओळखीची नाही, ते अंगावर जाणार. म्हणून आम्ही त्याला गोळ्यांनी गुंगीत ठेवतो. पण गुंगी जास्त झाली की चोर शिरतो, तसा हा विषाणू शिरला. मग आम्ही गुंगी थोडी उतरवत होतो, कुत्र्यानं चोरावर भुंकावं पण पाहुणीला चावू नये एवढीच. तुमच्या कडू पाण्यानं कुत्रं पुरतं चवताळलं.

केवळबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी कुत्रं निजवायचं बी न्हाई अन् सोडायचं बी न्हाई. साकळी हातात धरून बसायचं."

इतकं नेमकं मला तोवरच्या सगळ्या वर्षांत सांगता आलं नव्हतं. पुढं मी हेच वाक्य प्रत्येक पेशंटला सांगत आले. मी त्यांना म्हणाले, साखळी धरायला तुम्ही पाहिजेत. घड्याळाखाली उभं राहणारं दुसरं कुणी त्या घरात नाही. त्या म्हणाल्या, आन् पुन्यांदा चुकलं तर? मी म्हणाले, मला फोन करा. कशालाही करा.

ही मुभा मी त्यांना दिली आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. त्या दिवशीच संध्याकाळी त्या घरी परतल्या. नऊच्या गोळ्या पुन्हा नऊला सुरू झाल्या. आणि मला फोन सुरू झाले. रंजनाला गवार देऊ का? शेजारणीनं आंबा दिलाय, देऊ का? तिच्या माहेरचं लोणचं आलंय, देऊ का? पपनस चालतं का? पपनसाला मी नको म्हणाले, ते खाल्लं की औषध रक्तात भलतंच चढतं. बाकी बहुतेक गोष्टींना हो. तरी प्रत्येक गोष्ट विचारून. एकदा तर हळदीचं दूध देऊ का म्हणून विचारताना त्यांचा तो मोठा आवाज इतका बारीक झाला, की मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय? ते मला फार लागलं. जिनं अंगातला अवयव काढून दिला, ती घासाघासाला माझी परवानगी मागत होती. आणि तिला या सवयीला लावणारी मी होते.

औषधांचं तारतम्य जमवता जमवता अकरा महिने गेले. दर पंधरा दिवसांनी रक्त. विषाणू कधी उतरायचा, कधी आहे तिथंच ठाण मांडून बसायचा. एकदा सणानंतर पुन्हा चढला, तेव्हा रंजना रडली आणि म्हणाली, नको आता, डायलिसिसच बरं. मी तिला म्हणाले, रड, पण नऊ वाजायच्या आत आटप. केवळबाई पेला घेऊन मागे उभ्याच होत्या. डॉक्टरही हट्टी माणूस. अर्धी गोळी कमी, पाव गोळी जास्त, पुन्हा रक्त. आम्ही चौघांनी मिळून त्या विषाणूला कंटाळा आणला, असं मला वाटतं.

एका बुधवारी लॅबचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू आढळला नाही. सलग तिसऱ्यांदा. आढळला नाही म्हणजे गेला असं नव्हे, तो तिथंच कुठंतरी निजलेला असणार आणि आमचं रक्त तपासणंही चालूच राहणार. क्रिएटिनीन एक पूर्णांक सातवर थांबलं होतं. पहिल्यासारखं ते होणार नव्हतं. जे गेलं त्यातलं काही केवळबाईंच्या पेल्यानं गेलं आणि काही माझ्या दारातल्या त्या एका वाक्यानं. पण किडनी राहिली होती, आणि डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळली तर बरीच वर्षं राहील.

मी मुरुडला फोन लावला. केवळबाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं, न आढळण्याचं आणि सांभाळण्याचंही. त्या नुसत्या हं, हं करत होत्या. मग एकदम जुन्या आवाजात बोलल्या.

"बरं झालं. आता माझं ऐका. राग येऊ द्या न्हाई तर न येऊ द्या. आज सकाळी रंजनाला म्या धपाटे केले. दही घरचं, ताजं. तुमाला इचारलं न्हाई."

मी विचारलं, किती खाल्ले?

"तीन. अजून मागत होती."

मी म्हणाले, मग विचारायचंच नव्हतं, तर मला आता कशाला सांगताय?

"उद्या गुरुवार हाय नव्हं? तुमच्यासाठी चार बांधून ठिवलेत," केवळबाई म्हणाल्या. "बाकावर बसून खायचे. समद्यांसमोर."